डोळ्यातला बुडबुडा

नागपूरच्या माणसानं समुद्रात बुड्या मारण्याचा छंद बाळगावा, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून कुणाला पटलेली नाही. आमच्या गावात देशाचा मध्य मानला जाणारा शून्य मैलाचा दगड आहे. त्या दगडापाशी उभं राहून कुठल्याही दिशेला तोंड केलं, तरी समुद्र लांबच. पाणी म्हटलं की आमच्यापुढे अंबाझरी, फुटाळा आणि गांधीसागर उभे राहतात. त्यापलीकडचं पाणी आम्ही नकाशात पाहतो. शेजारचे एक गृहस्थ मला दर हिवाळ्यात न चुकता विचारतात, "कायले जाता जी मास्तर तिकडं? अंघोळीले नळ नाही का घरी?"

मास्तर मी खराच. तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवले, प्रवाहांचे बाण काढले, प्रवाळाच्या भिंती समजावून सांगितल्या. आणि हे सगळं समुद्रात गुडघ्याच्या वर न जाता! पोहायला मात्र लहानपणीच शिकलो होतो. काटोलकडे मामांची संत्र्याची बाग होती, बागेत विहीर. मामांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि काही न बोलता ढकलून दिलं. पाण्याखाली गेल्यावर मी डोळे उघडले. सगळं हिरवं आणि पुसट. कपारीतले दगड जणू विरघळत होते. पुढं कळलं की तो दोष विहिरीचा नव्हता. डोळ्याच्या अगदी पुढचं काचेसारखं आवरण हवेतून आलेला प्रकाश वाकवतं, म्हणून आपल्याला नीट दिसतं. पाण्यात त्या आवरणाची बरीचशी ताकद जाते, कारण त्याची आणि पाण्याची जातकुळी जवळजवळ एकच. बुडी मारणारा तोंडावर काचेचा मास्क चढवतो तो पाणी अडवायला तर खराच, पण मुख्यतः डोळ्यापुढं चिमूटभर हवा ठेवायला. त्या हवेच्या जोरावर खालचं जग स्वच्छ दिसतं. असतं त्यापेक्षा जरा जवळ आणि जरा मोठंही.

हे मी शिकलो ते 2016 साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. मुलीच्या हट्टानं मालवणला गेलो होतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं बुडी शिकवणारं केंद्र आहे, तिथं तरुण पोरांच्या रांगेत मीही पाठीवर सिलिंडर बांधून उभा राहिलो. माझा चष्मा उणे सातचा. तेव्हा नंबराची काच बसवलेला मास्क मुद्दाम करून घेतला. आमच्या हिनं त्याची किंमत ऐकून कपाळाला हात लावला होता. पण त्या मास्कातून पहिल्यांदा खडकावरचे मासे पाहिले, त्या दिवसापासून मी दर हिवाळ्यात मालवणला जाऊ लागलो. करोनाच्या काळात तेवढा खंड पडला.

मग 2023 चा गुढीपाडवा आला.

गच्चीवर गुढी उभारून मी वर पाहिलं, तर कडुलिंबाच्या डहाळीभोवती माश्या घोंगावत होत्या. हातानं हाकलल्या, हलेनात. जिकडं पाहावं तिकडं माश्या आणि मग काजळी पडावी तसे बारीक काळे ठिपके. संध्याकाळी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यातून एक करडी सावली वर चढू लागली. कुणी नाटकाचा पडदा उलटा, खालून वर, ओढत आणावा तशी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझा उजवा डोळा नावापुरताच आहे. महालातल्या वाड्यात विटीदांडू खेळताना आठव्या वर्षी त्याला विटी लागली. त्यातून रंग दिसतात, माणूस आहे की खांब एवढं कळतं; अक्षर दिसत नाही. आयुष्यभर जे काही वाचलं, पाहिलं, शिकवलं ते डाव्या डोळ्यानं. आणि पडदा चढत होता तो त्याच डोळ्यात.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पडदा सरकलाय. उद्या सकाळी ऑपरेशन." हिनं तिथल्या तिथं विचारलं, "हे समुद्रात जाऊनच झालं ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो. वयाबरोबर आतला जेलीसारखा द्रव आक्रसतो आणि पडद्याला ओढतो. भोक पडतं, त्यातून पाणी मागं शिरतं, आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो." हिनं मान डोलावली, पण बाहेर येताच मला म्हणाली, "समुद्रच!"

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रकार झाला असता तर डोळा गेला असंच धरून चालायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ नावाच्या डॉक्टरानं चिकाटीनं दाखवून दिलं की पडद्याचं भोक शोधून बुजवलं, तर पडदा पुन्हा बसतो. पुढं 1970 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मॅकेमर यांनी डोळ्याच्या आत बारीक हत्यारं नेऊन तो द्रव काढण्याची रीत बसवली. माझं ऑपरेशन त्याच वाटेचं. डोळा बधिर केला होता, मी जागा होतो. आणि गंमत पाहा, त्याच डोळ्यातून मला आत फिरणाऱ्या हत्यारांच्या सावल्या दिसत होत्या. धुरकट उजेडात दोन काळ्या काड्या वामेसारख्या वळवळत येत आणि नाहीशा होत. मालवणच्या खडकात वाम पाहून मी नेहमी चार हात दूर राहतो. इथं ती माझ्याच डोळ्यात होती आणि हलायची सोय नव्हती.

भोकाभोवती लेसरचे टाके घातले, आणि ते धरेपर्यंत पडदा भिंतीला दाबून राहावा म्हणून डोळ्यात वायू भरला. वायू वर जातो, पडदा मागच्या अंगाला. तेव्हा मागची बाजू वर यावी म्हणून माणसानं पालथं पडायचं. मार्चचा शेवट, नागपूरचा उन्हाळा तोंडावर, खिडकीला वाळ्याचा कूलर, आणि मी पलंगाच्या कडेला कपाळ टेकून फरशीकडे पाहत पाच दिवस पालथा! जेवण मान खाली घालून, झोप मान खाली घालून, आलेल्या पाहुण्यांशी गप्पाही त्यांच्या चपलांकडे पाहून. त्या पाच दिवसांत आमच्या नातलगांची पावलं मी जितकी ओळखू लागलो तितके त्यांचे चेहरे पूर्वी ओळखत नव्हतो.

तो वायूचा बुडबुडा मात्र फार नवलाचा होता. पहिल्यांदा सगळ्या डोळ्यात तोच. दुधी काचेपलीकडं पाहावं तसं दिसायचं. शरीर हळूहळू वायू शोषून घेतं आणि त्याची जागा डोळा आपल्याच पाण्यानं भरतो. दोन-अडीच आठवड्यांनी नजरेच्या वरच्या कडेला एक स्वच्छ पट्टी आली. वर स्वच्छ, खाली हिंदकळणारा बुडबुडा, आणि मध्ये रेघ. मी मान हलवली की रेघ डुचमळे. बोटीला धरून अर्धा मास्क पाण्याबाहेर ठेवला की काचेवर अशीच रेघ दिसते. रोज सकाळी मी ती कुठवर उतरली हे पाहायचो. खिडकीच्या चौकटीच्या वर, मग गजांपाशी, मग खालच्या कट्ट्यावर. शेवटी तळाशी एक लहानसा काळा गोल उरला, मालिकेतल्या मण्यासारखा. एका सकाळी त्याचे तीन तुकडे झाले, दुपारपर्यंत एक, आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता. खोटं कशाला बोलू, थोडी चुटपूट लागली.

तोवर मनगटावर हिरवी पट्टी होती. विमानात बसायचं नाही, उंचावर जायचं नाही. मे महिन्यात हिच्या भाच्याचं लग्न चिखलदऱ्याला होतं. चिखलदरा अकराशे मीटर उंच, नागपूर तीनशे. वर हवा विरळ, तेव्हा बंदिस्त वायू फुगणार आणि डोळ्यातला दाब वाढणार. "डोळ्यात फुगा आहे म्हणून मामा आले नाहीत," हे कारण त्या मांडवात कुणी खरं मानलं नसेल. बुडी मारणं तर दूरच. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि हवा निम्मी होते. मास्कातली हवा आक्रसली तर नाकानं फुंकर घालून भरून काढता येते. डोळ्याच्या आतल्या बुडबुड्याला फुंकर कोण घालणार?

हे सगळे दिवस ज्यांनी रेटले ते माझे डोळे नव्हेत, हिचे हात होते. तीन प्रकारचे थेंब, प्रत्येकाच्या वेळा निराळ्या. हिनं स्वयंपाकघराच्या दारामागं कागद चिकटवला होता, प्रत्येक थेंबापुढं पेन्सिलची फुली. रात्री दोनचा थेंब घालायला ही गजर लावून उठायची. अंगठ्यानं खालची पापणी ओढायची, थेंब सोडायची आणि "मिटा" म्हणायची. सहा आठवडे. एक फुली चुकली नाही. त्या कागदाकडे पाहताना एकदा माझ्या ध्यानात आलं की हा डोळा आता माझ्या एकट्याचा राहिलेला नाही.

अशा ऑपरेशननंतर पुष्कळांना मोतीबिंदू लवकर धरतो. मलाही धरला. फेब्रुवारी 2024 मध्ये तो काढून आत कृत्रिम भिंग बसवलं. हे भिंग आपल्याला एका लढाईनं दिलं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, आणि ते डोळ्यांनी निमूट सोसले. हे हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरानं हेरलं आणि 1949 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. अनेक समव्यवसायिकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आज गावोगावच्या आजोबा-आजींच्या डोळ्यांत त्यांचीच युक्ती बसली आहे.

पट्टी सुटली त्या सकाळी ही समोर चहा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "नवी साडी?" ही म्हणाली, "कुठली नवी? तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला घेतलेली." ती साडी मी इतके दिवस मळकट हिरवी समजत होतो. ती निळी होती. इतकी निळी की पाहतच राहिलो. म्हातारं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवून ठेवतं. ते काढलं की निळा एकदम धावत आत येतो. मी उजवा डोळा उघडून डावा मिटला: साडी हिरवट. डावा उघडला: निळी. हा खेळ मी लहान मुलासारखा दिवसभर खेळलो. आणि चष्माही गेला. उणे सातचा माणूस नुसत्या डोळ्यांनी सीताबर्डीच्या किल्ल्यावरचा झेंडा पाहू लागला.

त्या निळ्यानंच घात केला. मालवणचं पाणी आता कसं दिसेल, हा विचार काही केल्या जाईना.

ऑक्टोबरात मी विषय काढला. ही फुलवाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही."

"डॉक्टरांना विचारून..."

"डॉक्टरांना पन्नास डोळे आहेत. मला हा एकच आहे." आणि मग हलक्या आवाजात, "तिथं खाली असं आहे तरी काय हो?"

मला सांगता येईना. मासे आहेत म्हणावं, तर ते गांधीबागेतल्या दुकानातल्या काचेच्या पेटीतही आहेत. मी रागावून गच्चीवर गेलो. पण तिथं बसल्यावर जे कळलं ते लिहिताना आजही जरा लाज वाटते. ही "नाही" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. दीड वर्ष मी त्या डोळ्याला मखमली पेटीतल्या दागिन्यासारखा जपत होतो. वाकायचं नाही, धावायचं नाही, नातवानं चेंडू फेकला की आधी हात डोळ्यावर. भीती माझीच होती. मी फक्त ती हिच्या पदराआड ठेवली होती आणि वर तिच्यावरच रुसलो होतो.

खाली येऊन हे मी हिला सांगितलं. ही बराच वेळ काही बोलली नाही. वाती संपल्यावर म्हणाली, "मग डॉक्टरांकडे मीही येते."

डॉक्टरांनी पडदा नीट पाहिला. म्हणाले, "टाके पक्के आहेत. डोळ्यात आता वायू नाही, सगळं पाणी आहे. आणि पाणी दाबानं आक्रसत नाही. खालचा दाब डोळ्याला कळणारही नाही. मात्र बोटीवरून उलटी उडी मारायची नाही, जड सिलिंडर उचलायचं नाही, डोक्याला दणका बसू द्यायचा नाही. आणि माश्या दिसल्या, वीज चमकली, तर त्याच दिवशी यायचं." त्यांनी तसं लिहून दिलं. हिनं तो कागद घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे दिला नाही.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही दोघं निघालो. नागपूरहून मडगावकडे जाणारी गाडी, कुडाळला उतरायचं; जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. हिनं डब्यात तिळाच्या पोळ्या घेतल्या होत्या, आणि माझ्या नकळत तो जुना उणे सातचा मास्कही सामानात टाकला होता. "एवढे पैसे दिलेत, घरी ठेवून काय लोणचं घालायचं?" आमच्या वऱ्हाडी घराण्यातलं हे तर्कशास्त्र कुणाला खोडता आलेलं नाही.

मालवणच्या जेट्टीवरून होडी निघाली. समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला कुरटे बेटावर अजून लाटा अंगावर घेत बसला आहे. त्याच्या आसपासचे खडक आणि प्रवाळ 1987 पासून सागरी अभयारण्यात मोडतात. पाणी पाहिलं आणि बोलणंच खुंटलं. इतक्या वर्षांत मी हे पाणी हिरवं म्हणून डोक्यात साठवलं होतं. हिरवं होतंही ते, पण त्या हिरव्यात खोल खोल निळा होता आणि तो मला आजवर कुणी दाखवला नव्हता.

सोबतच्या तरुणानं डॉक्टरांचा कागद हिच्याकडून घेऊन दोनदा वाचला. "काकानू, घाबरू नका. मी आसय ना!" म्हणाला आणि सिलिंडर पाण्यातच माझ्या पाठीवर चढवलं. मी शिडीनं उतरलो. बोटीच्या कडेला ही दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. कुणी पाहिलं असतं तर खाली हीच निघाली आहे असं वाटलं असतं.

तीन-चार मीटर गेलो असेन. एकाएकी डाव्या डोळ्याभोवती ओढ बसली. कुणी डोळा मुळासकट खेचतं आहे अशी. छाती धडधडू लागली. दारामागचा तो कागद, फुल्या, पालथे दिवस, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. अंगठा वर करायला हात उचलला. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला' असा असतो. तरुण जवळ आला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि आपल्या नाकावर बोट ठेवलं. नाक! पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट मी विसरलो होतो. नाकानं हलकी फुंकर घातली. मास्क सुटला, ओढ गेली. माझ्या डोळ्याला काही झालं नव्हतं. त्याच्यापुढची चिमूटभर हवा आक्रसली होती, इतकंच. मी अंगठा दुमडला आणि बोटानं गोल करून दाखवला. ठीक आहे.

मग खाली गेलो. खडकाच्या पोटात एक गोबरा तोंड वासून बसला होता, पूर्वी बसायचा तसाच. तोच होता असं म्हणायचा मोह होतो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे लहान मासे माझ्या बोटांपाशी येऊन गेले. खालच्या अंगाला तांबोशी दिसली. बाजारात ती लालसर असते, म्हणून तर तांबोशी. पण पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, आणि त्या खोलीवर ती राखेच्या रंगाची झाली होती. वर ज्या रंगाला मी वर्षानुवर्षं मुकलो होतो तो इथं भरभरून होता, आणि जो रोज दिसतो तो इथं नव्हता. माझे बुडबुडे एकामागून एक वर चालले होते, जाताना मोठे होत. त्यांच्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. बाहेर असतात तेव्हा किती बिनधोक असतात!

वर आलो. शिडी धरून मास्क काढला. ही वाकून डोळ्यात पाहू लागली, थेंब घालताना पाहायची तशी, अंगठ्यानं पापणी खाली ओढून.

"माश्या?"

"नाहीत."

"वीज?"

"नाही."

"मग काय दिसलं?"

मी सांगू लागलो. गोबरा सांगितला, तांबोशी सांगितली, निळ्यापाशी आलो आणि अडखळलो. ही ऐकता ऐकता पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. तो जुना मास्क निघाला. हिचा चष्मा कॉलेजपासूनचा, उणे साडेसहाचा. हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे आणि तरी सुचलं नव्हतं. हिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, मास्क चढवला, पट्टा केसांवरून घट्ट केला. तरुणानं हिच्या अंगात तरंगायचं जाकीट चढवलं आणि आधार दिला. ही पदर खोचून शिडीच्या दोन पायऱ्या उतरली, एका हातानं शिडी आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरला, आणि श्वास रोखून तोंड पाण्यात घातलं.

मी मोजू लागलो. एक, दोन, तीन... अकरापर्यंत आलो. खांद्यावरची बोटं आधी रुतली, मग सैल झाली. ही वर आली, धापा टाकत, मास्कावरून पाणी निथळत.

मी काही विचारणार तोच म्हणाली, "थांबा. बोलू नका." आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.